पुस्तके फाटू द्या

जूनच्या मध्यास शाळांची दारे उघडतात आणि शहरातील सुशिक्षित घरांतून शिक्षणाची चर्चा सुरू होते. मुलास कोणत्या शाळेत घालावे, माध्यम कोणते असावे, शिकवणी लावावी की नाही, गणवेश आणि वह्यांचा खर्च कसा भागवावा, ह्या प्रश्नांचा छावणीपासून सिडकोपर्यंत खल होतो. परंतु ज्या एका प्रश्नाने प्राथमिक शाळेची खरी परीक्षा व्हावी, तो प्रश्न कोणी पालक मुख्याध्यापकांस विचारीत असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो प्रश्न असा: ‘आपल्या शाळेतील तिसरीच्या मुलाने गेल्या महिन्यात कोणते पुस्तक घरी नेले?’

कायद्याने ह्या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे, आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांवरील पुस्तके, गोष्टींची पुस्तके धरून, असली पाहिजेत, असे नमूद आहे. कायदेकर्त्यांस गोष्टीच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख करावासा वाटला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परंतु कायदा ग्रंथालय देऊ शकतो, वाचक देऊ शकत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट, कपाटात पुस्तके, कपाटास कुलूप आणि कुलपाची किल्ली खणात, एवढ्यावर कायद्याचे अक्षर पुरे होते. तपासणीच्या दिवशी कपाट उघडते. पंधरा ऑक्टोबरला, २०१५ पासून साजऱ्या होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनास, ते पुन्हा उघडते. उरलेले दिवस पुस्तके सुखरूप असतात.

ह्याचा दोष शिक्षकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. आम्ही स्वतः अनेक वर्षे फळ्यापुढे उभे राहिलो आहोत आणि कुलपाचे खरे कारण आळस नसून भय आहे, हे आम्ही जाणतो. पुस्तकाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते, बाकांच्या आणि घड्याळाच्या शेजारी. बाक मोडला तर तो कोपऱ्यात दाखविता येतो. हरवलेले पुस्तक दाखविता येत नाही. बदली झाली की कार्यभार देताना प्रत्येक प्रत मोजून द्यावी लागते, आणि जी सापडणार नाही तिची किंमत आपल्या वेतनातून जाईल, ही धास्ती शिक्षकाच्या मनात असते. अशा स्थितीत सात वर्षांच्या मुलाच्या हाती पुस्तक न देणारा शिक्षक निष्काळजी नव्हे, उलट फार काळजीवाहू म्हटला पाहिजे. त्याची काळजी पुस्तकाची आहे, मुलाची नाही, एवढेच. आणि ती त्याला व्यवस्थेने शिकविली आहे.

म्हणून आमची पहिली सूचना पुस्तकांविषयी नसून हिशेबाविषयी आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक शहाणपणाची तरतूद आहे. वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर ते नुकसान वाजवी मानावे, असे हा नियम सांगतो. अट एवढीच की त्यात अप्रामाणिकपणा वा हेळसांड नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या व दुर्मिळ ग्रंथांची मात्र चौकशी व्हावी. हा नियम केंद्राच्या खात्यांसाठी आहे आणि प्रत्येक प्राथमिक शाळेस तो आपोआप लागू होतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यातील तत्त्व पाहा. दीडशे मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलाने आठवड्यास एक पुस्तक नेले, तर छत्तीस आठवड्यांत पाच हजार चारशे वेळा पुस्तके फिरतील आणि सत्तावीस प्रतींचे नुकसान क्षम्य ठरेल. कपाट बंद असेल तर क्षम्य नुकसान शून्य! जो जितके देईल तितकी त्याला चुकण्याची मुभा, हा हिशेब कोणत्याही सत्संस्थेस शोभणारा आहे. शाळा छावणी परिषदेची असो, महापालिकेची, जिल्हा परिषदेची वा खासगी संस्थेची असो, तिच्या चालकांनी अशा अर्थाचे एका पानाचे परिपत्रक काढावे. शेकडो पुस्तके खरेदी करण्यापेक्षा ह्या एका कागदाने अधिक पुस्तके मुलांच्या हाती पडतील.

भय गेल्यावर पुढचे काम अवघड नाही आणि खर्चाचे तर मुळीच नाही. पुस्तके पहिलीतल्या मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर आणि मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत. फळी नसेल तर वर्गाच्या भिंतीलगत सुतळी बांधून कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी पातळ पुस्तके लटकवावीत. खाकी कागदाची वेष्टणे काढून टाकावीत; ज्या चित्राकडे पाहून मूल पुस्तक उचलणार ते चित्रच आपण झाकून टाकतो. ग्रंथालयशास्त्राचे आकडे मुलांस नकोत. चित्रांच्या पुस्तकांना तांबडी पट्टी, लहान गोष्टींना पिवळी, मोठ्या गोष्टींना हिरवी, माहितीच्या पुस्तकांना निळी, एवढे वर्गीकरण पुरते. पुस्तक झेपेल की नाही हे मुलानेच ठरवावे: एक पान वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दास एक बोट मिटावे, पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवावे.

देवघेवीची वही मुलांनीच सांभाळावी. चौथीतील दोन मुले दर महिन्यास ग्रंथपाल नेमावीत. आणि नेमताना पहिल्या क्रमांकाचीच मुले निवडू नयेत. जे मूल वाचनात मागे आहे त्याच्या हाती किल्ली द्यावी; नोंद करता करता ते शीर्षके वाचू लागते. शनिवारी अर्धा तास दुरुस्तीचा ठेवावा. पिठाची खळ, पातळ कागद, सुई-दोरा एवढ्या साहित्यावर मुले सुटलेली पाने जोडतात, आणि ज्या हातांनी पुस्तक शिवले ते हात सहसा पुस्तक फाडीत नाहीत.

रोज पंधरा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावे. साने गुरुजी असोत की भा. रा. भागवत, वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नयेत, आणि तात्पर्य तर मुळीच विचारू नये. गोष्ट ऐकण्याचा आनंद प्रश्नोत्तराच्या भीतीने नासतो, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवले आहे. आणि एप्रिलअखेर सगळी पुस्तके गोळा करून कपाटात कोंडण्याची रीत तर सर्वप्रथम मोडावी. मुलाजवळ वेळच वेळ असतो तो मे महिन्यात. सुटीस जाताना प्रत्येक मुलाच्या पिशवीत दोन पुस्तके असावीत. जूनमध्ये ती परत येतील.

छावणीच्या शाळांस आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. ह्या वस्तीत मराठी, उर्दू, हिंदी अशा भाषा एकाच आळीत नांदतात. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असताना मराठवाड्यातील वाचनालयांनी मराठीस आसरा दिला, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. ज्यांनी आपल्या भाषेच्या पुस्तकाची तहान सोसली आहे, त्यांनी दुसऱ्याच्या मुलास त्याच्या भाषेचे पुस्तक नाकारू नये. एकाच फळीवर सर्व भाषा असाव्यात. जिथे पुस्तक मिळत नाही तिथे मुलांनीच ते तयार करावे: आजीने सांगितलेली गोष्ट, छावणीतील गुरुवारच्या बाजाराचे वर्णन, खाम नदीच्या पुलाची माहिती. चार पाने शिवून, चित्र काढून, त्यावर क्रमांक घालून ते फळीवर ठेवावे. आपले पुस्तक दुसऱ्याने घरी नेले, हा बहुमान कोणत्याही बक्षिसाहून मोठा आहे.

पुस्तके थोडी असतील तर ती फिरवावीत. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास १९१० साली बोलावून घेतले आणि पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव पाठविण्याची व्यवस्था उभी केली. एका संस्थानाने शतकापूर्वी जे केले ते छावणी, भावसिंगपुरा, पडेगाव आणि मिटमिटा येथील शाळांस आज करता येऊ नये काय? प्रत्येक शाळेने चाळीस पुस्तकांची एक पेटी करावी आणि दर दोन महिन्यांनी ती पुढच्या शाळेकडे पाठवावी. चार शाळांत मिळून प्रत्येक मुलापुढून वर्षभरात एकशे साठ पुस्तके जातील.

ह्याला उत्साही माणसे कोठून आणावी, असे कोणी विचारील. ह्याच शहरात २०२१ साली एका शाळकरी मुलीने स्वतःजवळच्या पुस्तकांतून आपल्या मोहल्ल्यातील मुलांसाठी वाचनालय सुरू केले आणि त्यापाठोपाठ इतर मोहल्ल्यांतही अशी बालवाचनालये निघाली. तिच्याजवळ अनुदान नव्हते, परिपत्रक नव्हते, आणि सुदैवाने जडसंग्रह नोंदवहीही नव्हती.

सुशिक्षित नागरिकांसही आमचे दोन शब्द सांगणे आहे. शाळेस पुस्तके भेट द्यावीत, पण रद्दीवाल्याने नाकारलेली देऊ नयेत. आपल्या नातवास जे आनंदाने द्याल तेच द्यावे. ‘बालभारती’तर्फे १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी एखाद्या शाळेच्या नावे भरणे कोणासही जड नाही. ज्यांस सवड आहे त्यांनी आठवड्यातून एक तास शाळेत जाऊन वाचून दाखवावे. आणि जूनमध्ये मुलाचे नाव घालताना आरंभी सांगितलेला प्रश्न अवश्य विचारावा.

युरोपात मध्ययुगात ग्रंथ साखळदंडाने फळीस बांधून ठेवीत. ते ग्रंथ निदान उभ्या उभ्या वाचता तरी येत. ग्रंथ साठवणीसाठी नसून वापरासाठी असतो, हा विचार डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांच्या आरंभीच मांडला. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत आपल्या ग्रंथांसाठी घर बांधले, आणि त्यांच्याच संस्थेने १९५० साली ह्या शहरात महाविद्यालय काढले. ज्या नागसेनवनात ते बहरले ते छावणीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट प्राथमिक शाळेच्या पुस्तकांच्या फळीवरून जाते.

वर्षअखेरीस तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कपाटातील पुस्तके मोजू नयेत. किती मळली, किती शिवली, किती झिजली हे पाहावे. जेथे सर्व पुस्तके कोरी आढळतील, त्या शाळेकडून खुलासा मागवावा.