नव्या गांवीं चूल मांडतांना

एका वाचक भगिनीनें आम्हांस पत्रानें विचारलें आहे कीं, मुलाची बदली चंद्रपूर जिल्ह्यांत माजरी येथें झाली आहे. बिऱ्हाड लागेपर्यंत त्यानें जेवावें कोठें, आणि पुढें सून व नातवंडें गेल्यावर किराणा, भाजी, दूध यांची सोय कशी लावावी? ज्या घरांत तीन पिढ्या एका स्वयंपाकघरावर नांदतात, तेथील एक चूल परगांवीं जाऊन मांडावी लागली म्हणजे वडील मंडळींस काळजी वाटावी, हें स्वाभाविक आहे. वरोरा-भद्रावतीकडील मुलुख आमच्या परिचयाचा असल्यामुळें उत्तर देण्याचें आम्ही मान्य केलें. मात्र दुकानांच्या नांवांची यादी कोणी अपेक्षूं नये. अशी यादी वर्षभरांत शिळी होते. दुकान शोधावें कसें, पारखावें कसें आणि सांपडल्यावर सांभाळावें कसें, एवढेंच सांगण्याचा विचार आहे. या तिहींत तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, आणि तिच्याकडेच आपलें सर्वांत कमी लक्ष असतें.

माजरी हें भद्रावती तालुक्यांतील कोळशाचें गांव. वर्धा-बल्लारपूर लोहमार्गावरील हें जंक्शन असून येथूनच वणी व आदिलाबादवरून मुदखेडकडे जाणारा फांटा फुटतो. वर्धा नदी ओलांडली कीं यवतमाळ जिल्हा लागतो. या खोऱ्यांत कोळसा नवा नाहीं. शेजारच्या वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ सालीं सुरू झाली आणि १९०६ सालीं बंद पडली. पुढें १९७३ सालीं खाजगी खाणी सरकारनें ताब्यांत घेतल्या, १९७५ सालीं वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि माजरी हें तिचें एक क्षेत्र ठरलें. अशा गांवीं वस्ती चहूंकडून गोळा झालेली असते. तेलंगण, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेलीं कुटुंबें मूळच्या वऱ्हाडी-झाडी लोकांच्या शेजारीं राहतात. म्हणून गांव लहान असलें तरी जिभेची गैरसोय होईल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

प्रथम बाहेरच्या जेवणाविषयीं. नवख्यानें तीन ठिकाणें पाहावींत: स्टेशनाची बाजू, कुचना येथील खाणवसाहतीची बाजू आणि मूळ गांव. खाणीच्या मुलखांत घड्याळ पाळीवर चालतें. पाळी सुटण्याच्या वेळीं कोणत्या ठेल्यावर गर्दी होते, हें दोन दिवस नुसतें उभें राहून पाहावें. प्रवासी एकदां खाऊन जातो. त्याच्या गर्दीवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. जो कामगार रोज त्याच बाकावर बसतो, त्याची साक्ष मानावी. मग स्वतः तीन गोष्टी पाहाव्या: पिण्याचें पाणी झांकलेलें आहे काय, तळणाचें तेल काळें पडलें आहे काय आणि ताटल्या कोठल्या पाण्यांत धुतल्या जातात. सकाळीं तर्रीपोहे किंवा आलुबोंडा मिळेल. तर्रीचा तिखटपणा पुण्या-मुंबईच्या पोटास पहिल्या दिवशीं मानवेलच असें नाहीं, म्हणून ती वेगळी मागून घ्यावी. महिनाभराच्या जेवणासाठीं मात्र ठेला उपयोगाचा नाहीं. त्यासाठीं एखाद्या घरगुती खानावळीचा डबा लावावा. तेथें वरण-भात, पोळी किंवा ज्वारीची भाकर आणि आठवड्यांतून एकदां पाटवडीचा रस्सा असें साधें अन्न मिळालें, म्हणजे मुलगा उपाशी नाहीं असें समजावें.

बाहेर खाण्याची कल्पनाच ज्यांना अजून रुचत नाहीं, त्यांनीं १८९० सालची पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाची गोष्ट आठवावी. एका चहापायीं न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखे पुरुषहि ग्रामण्यांत आणि प्रायश्चित्ताच्या वादांत ओढले गेले. आज माजरीच्या फलाटावर चहा घेतांना कोणी कोणाची जात विचारीत नाहीं, आणि हें चांगलेंच झालें. विचारावयाचा प्रश्न एकच उरला आहे, आणि तो स्वच्छतेचा.

अशीच एक गोष्ट माजरीच्या शेजारीं वरोऱ्यासहि घडली आहे. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली आणि पुढें वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभें केलें. तेथील कुष्ठमुक्त माणसें आपल्या गरजेहून अधिक भाजी पिकवूं लागलीं. परंतु वरोऱ्याच्या बाजारांत ती भाजी कोणी घेईना. नंतर परदेशांतून आलेले स्वयंसेवक आनंदवनांत राहिले, त्यांच्याबरोबर राबले आणि तीच भाजी खाऊं लागले. तें पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीति गेली व भाजी खपूं लागली. भाजीचा गुण पूर्वींहि तोच होता. कोणीतरी आधीं जेवून दाखवावें लागतें, एवढाच यांतील बोध. नव्या गांवीं शेजाऱ्यांस विचारण्याचें महत्त्व यासाठींच आहे. ते आपल्याआधीं जेवलेले असतात.

आतां किराणा व भाजी. रोजच्या भाजीबाजारास विदर्भांत गुजरी म्हणतात. आठवडी बाजार त्याहून निराळा. गुजरींत ‘सांबार’ मागितला तर कोथिंबिरीची जुडी हातीं पडते. पश्चिमेकडील सुनेनें तो इडलीबरोबरचा समजून भांडें नेलें, तर भाजीवालीस महिनाभर हंसण्यास विषय मिळेल; पण ओळखहि होईल. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग भाताचा आणि भद्रावती-वरोऱ्याकडील भाग कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारीचा. तांदळांत ‘एचएमटी’ हें नांव दुकानोदुकानीं ऐकूं येईल. हा वाण नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्याच्या दादाजी खोब्रागडे यांनीं निवडून तयार केला. त्यांची शेती थोडी आणि शिक्षणहि थोडें; परंतु १९८३ च्या सुमारास आपल्या शेतांत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनीं जपल्या आणि त्यांचें बीं वाढविलें. व्यापाऱ्यानें त्यास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचें नांव दिलें. दादाजी २०१८ सालीं निवर्तले. सुनेनें भात वाढतांना ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

डाळीच्या बाबतींत एक सावधगिरी हवी. पूर्व विदर्भांत लाखोळी पिकते. तिची डाळ तुरीच्या डाळीसारखी दिसते, पण दाणा पाचरीसारखा कोनदार असतो. हीच डाळ महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडण्याचा रोग जडतो. म्हणून सुटी तूरडाळ ताटांत पसरून निवडावी आणि बेसन सुटें घेण्यापेक्षां हरभऱ्याची डाळ आणून गिरणींत दळून घ्यावी.

वजनाविषयीं संकोच करूं नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत राजानें दर सहा महिन्यांनीं वजनें-मापें पुन्हा तपासावींत, असें सांगितलें आहे. कौटिल्यानें तर या कामास पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी ठेवला. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं, तरी खेड्यांतील तोंडीं अजून पायली आहे. पायली हें माप आहे. तिच्यांत ज्वारीचें वजन एक भरतें आणि भाताचें दुसरें. भाव पायलीनें सांगितला तर धान्य कांट्यावर घालावें, आणि कांटा आधीं शून्यावर आहे कीं नाहीं तें पाहावें. प्रामाणिक दुकानदारास याचा राग येत नाहीं.

येथवर शोधण्याची व पारखण्याची गोष्ट झाली. आतां सांभाळण्याची. लहान गांवांतील किराणा दुकानांत गल्ल्याशेजारीं एक वही असते. खाणींत कंत्राटावर राबणाऱ्याची मजुरी कधीं वेळेवर येते, कधीं लांबते. मधले दिवस ही वही भागविते. शासनाच्या रास्त भावाच्या दुकानांतून २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबास माणशीं दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळतें. २०२३ पासून तें मोफत आहे. ही मोठी गोष्ट आहे यांत शंका नाहीं. परंतु नुसत्या तांदळा-गव्हावर चूल चालत नाहीं. तेल, डाळ, मीठ, मिरची, साबण हीं वाण्याकडूनच आणावीं लागतात, आणि हातांत पैसा नसेल त्या दिवशीं तीं वहीवरच येतात.

येथें आमच्या सुशिक्षित घरांचें एक वर्तन आम्हांस खटकतें. पगार बँकेंत जमा असतो, तरी सोयीसाठीं आपण सामान वहीवर लिहावयास सांगतों आणि हिशेब दोन-दोन महिने लांबवितों. दुकानदार मास्तरांस किंवा साहेबांस नाहीं म्हणूं शकत नाहीं. पण त्याचें भांडवल तें केवढें! आपण त्याचे चार हजार अडकवून ठेवले, म्हणजे तेवढ्याच रकमेची उधारी तो दुसऱ्या कोणास तरी नाकारतो. आणि तो दुसरा बहुधा अशी एखादी विधवा किंवा मजूर असतो, ज्यास दुसरें दार नाहीं. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, नोकरदारानें रोखीनें घ्यावें आणि वही ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांच्यासाठीं मोकळी ठेवावी.

उधारीची दुसरी बाजूहि आम्ही जाणतों. दुकानाच्या कर्जांत अडकलेला मजूर महाग व हिणकस माल मुकाट्यानें घेतो. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं अठ्ठावीस जणांनीं वर्गणी काढून आपलें दुकान उघडलें. लोणी, साखर, पीठ, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या एवढाच त्यांचा माल होता. परंतु चोख माल, पुरतें वजन आणि रोख व्यवहार हे त्यांचे नियम होते. सर्व जगांतील ग्राहक सहकाराचा उगम तेथें मानतात. आपल्याकडे १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनेंहि शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र घेण्याची रीत पाडली. माजरीसारख्या ठिकाणीं याचें सोपें रूप करतां येईल. वसाहतींतील दहा घरांनीं महिन्याची यादी एकत्र करावी, ती गांवांतल्याच दुकानदारास द्यावी आणि निम्मी रक्कम आगाऊ भरावी. तो वरोऱ्याहून किंवा वणीहून पोत्यानें माल आणील. घरांस भाव उतरून मिळेल, आणि त्यास खात्रीचें गिऱ्हाईक मिळेल.

हल्लीं भ्रमणध्वनीवर बोट ठेवलें कीं दूरच्या शहरांतून जिन्नस घरपोच येतात. जें गांवांत मिळत नाहीं तें असें मागविण्यास आमची हरकत नाहीं. परंतु रोजचा तेल-तांदूळहि तिकडूनच आणावयाचा आणि रात्रीं नऊ वाजतां पाहुणे आले म्हणजे साखरेसाठीं कोपऱ्यावरच्या दुकानाची कडी वाजवावयाची, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, प्रवासी गाड्या थांबल्या, आठवडी बाजार बंद पडले. त्या दिवसांत लहान गांवांचा संसार अशा दुकानांनींच चालविला. तीं दुकानें वर्षभराच्या गिऱ्हाइकीवर जगलीं होतीं, म्हणूनच त्या वेळीं उघडीं सांपडलीं.

खाणीच्या गांवास आणखी एक भय असतें. कोळसा अक्षय नाहीं. वरोऱ्याची खाण पस्तीस वर्षांत संपली. खाण मिटली कीं बदलीचीं माणसें बदलून जातात. मागें राहतात तीं मूळचीं माणसें, म्हातारींकोतारीं आणि ज्यांना जाण्यास ठिकाण नाहीं अशीं. त्यांच्या वाट्यास एक चालतें दुकान राहील कीं नुसतें कुलूप, हें आपण तेथें असतांना कसे वागलों यावर पुष्कळ अवलंबून आहे. चार वर्षांसाठीं आलेल्या माणसानें गांवाचें देणें लागत नाहीं असें समजूं नये.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमची सूचना एवढीच. पहिले पंधरा दिवस मुलानें डब्यावर काढावे व शेजाऱ्यांस विचारावें. बिऱ्हाड आल्यावर सुनेनें दोन-तीन दुकानांचा माल महिनाभर पारखून एक निवडावें, तेथें रोखीनें घ्यावें आणि उगीच दुकान बदलूं नये. आणि नातवंडांस पिशवी देऊन दुकानीं धाडावें. कांटा पाहणें, सुट्या पैशांचा हिशेब करणें आणि दुकानदारास काका म्हणून हांक मारणें, हे तीन धडे त्यांना तेथें एकाच फेरींत मिळतील.