धबधब्याखालचा शॉर्टकट

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

जपानला जाणारे आपले आयटीवाले आता फुजी आणि सुशीच्या पुढे गेलेत. यादीत नवी भर पडलीये ती 'ताकिग्यो'ची. ताकि म्हणजे धबधबा, ग्यो म्हणजे साधना. पांढरे कपडे घालायचे, थंडगार धारेखाली उभं राहायचं आणि हात जोडायचे. तोक्योच्या पश्चिमेला मिताके डोंगरावर, किंवा ताकाओ डोंगरावरच्या बिवा धबधब्यावर हे रीतसर करता येतं. जरूर करा, माझी काही ना नाही. माझं भांडण आहे ते "परदेशी पाहुण्यांसाठी जरा सोपं करून द्या" या मागणीशी.

मागणी साधारण अशी असते... "तो मंत्र कशाला? आम्हाला कळत नाही. ती कवायत कशाला? हसू येतं. धारेखाली उभं करा, दोन फोटो काढू द्या, झालं!" पाहुणा पैसे देणारा असला की वाटाड्यालाही मोह होतोच.

हे म्हणजे जुन्या कोडमधली न कळलेली ओळ उडवून टाकण्यासारखं झालं. असा एक हिरो प्रत्येक टीममध्ये असतो. "ही ओळ काहीच करत नाही" म्हणत तो ती काढतो आणि शुक्रवारी रात्री प्रॉडक्शन झोपतं.

तर या 'काहीच न करणाऱ्या' ओळी करतात तरी काय ते बघू.

शिंतो पद्धतीच्या मिसोगीत (म्हणजे पाण्याने होणाऱ्या शुद्धीत) आधी 'तोरिफुने' असतं. उभं राहून, होडी वल्हवल्यासारखी हालचाल करायची, तालात आणि मोठ्याने आवाज देत. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण करणाऱ्याचं अंग तापतं. मग पोटापासून आरोळ्या. मग पाणी अंगावर थोडं थोडं मारून घ्यायचं आणि त्यानंतरच धारेत शिरायचं.

आता यातलं काहीच न करता माणूस १५ अंशांखालच्या पाण्यात गेला तर? पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तो आपल्या हातात नसतो. धाप लागते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळतात. पहिली एक-दोन मिनिटं सगळ्यात वाईट. आणि मंत्र? तो मोठ्याने म्हणायचा तर श्वास बाहेर सोडावाच लागतो, सावकाश आणि लयीत. शिवाय काठावरच्या वाटाड्याचं लक्ष असतं. आवाज येतोय, ओठ हलताहेत, तोवर ठीक. थांबले की माणसाला बाहेर काढायचं.

हे सगळं ज्यांनी बसवलं त्यांच्या मनात शरीरशास्त्र होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात देव होता, शुद्धी होती. पण वर्षानुवर्षं माणसं थंड पाण्यात उभी करून जे टिकलं, त्यात शहाणपण मुरलेलं आहे. ते काढून टाकलं की उरतो तो नुसता थंड शॉवर, आणि तोही धोकादायक.

यावर एक आक्षेप येतो, "परंपरा बदलतातच की!" अगदी बरोबर. १८७२ साली मेइजी सरकारने शुगेंदोवर, म्हणजे यामाबुशींच्या डोंगरातल्या साधनेच्या पंथावर, बंदीच घातली होती. त्याच वर्षी देवस्थानांच्या डोंगरांवरची स्त्रियांची बंदीही सरकारने उठवली. दुसरा बदल योग्यच होता, कारण ती बंदी काय करते हे स्वच्छ दिसत होतं. ती स्त्रियांना बाहेर ठेवत होती, बस्स. ओळ काढायला हरकत नाही, पण ती काय करते हे आधी समजून घ्या, एवढंच म्हणणं.

दुसरा आक्षेप म्हणजे "आमचा देवावर विश्वास नाही, मंत्र का म्हणू?" हा प्रामाणिक आहे. मग म्हणू नका, आणि धारेखालीही जाऊ नका! काठावर उभे राहा. यात काही कमीपणा नाही. नाचीचा १३३ मीटरचा धबधबा खुद्द देव मानला जातो आणि लोक त्याला समोरून, लांबूनच नमस्कार करतात. २०१२च्या जुलैमध्ये तीन गिर्यारोहक तो चढायला गेले आणि त्यांना अटक झाली. तिघंही जपानी होते बरं का. तेव्हा प्रश्न पासपोर्टचा नाहीच.

आपल्या लोकांची तर आणखी एक खास तऱ्हा. ताकिग्योत अनेक ठिकाणी ज्याला हाक मारतात तो फुदो म्यो-ओ म्हणजे आपल्याकडचा अचल. त्याचा मंत्र मुळात संस्कृत आणि उच्चार जपानी. झालं! "अरे, हे तर आपलंच!" म्हणत आम्ही वाटाड्यालाच उच्चार शिकवायला निघतो. अहो, कुकाई चीनहून तांत्रिक बौद्ध परंपरा घेऊन परतला ते ८०६ साल. बाराशे वर्षं त्यांनी ती सांभाळली. आपण तेवढ्या काळात त्या अचलाचं नावही विसरलो. जरा गप्प बसून ऐकायला काय हरकत आहे?

मग चांगला वाटाडा कोणता? जो आधी तब्येतीचं विचारतो. हृदयविकार, रक्तदाब, कालची बिअर, सगळं. जो 'हे का करायचं' ते समजावतो, पण 'हे गाळू या' म्हणत नाही. आणि रात्री पाऊस झाला, पाणी वाढलं, वरून दगड-फांद्या यायची भीती असली, तर तुमचं परतीचं विमान उद्याचं असलं तरी जो शांतपणे म्हणतो, "आज नाही."

असा वाटाडा भेटला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. भुशी डॅमवर आणि ताम्हिणीत आपण कुणाचं न ऐकता पाण्यात शिरतो, तेवढं पुरे आहे. तिकडे निदान कुणीतरी नाही म्हणणारा आहे, त्याचं ऐका. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला :)