चोवीस फटक्यांची सवलत
(द्वितीय वर्ष कला)

गोल्फ हा खेळ आपल्या कॉलेजात कुणी खेळत असेल असे मला वाटत नाही. जिमखान्याच्या यादीत तो नाही, आणि असणार तरी कसा? एका मैदानालाच शंभर-सव्वाशे एकर जमीन लागते. तरीही मी त्याच खेळावर लिहायला बसलो आहे, याचे कारण आमची वस्ती एका गोल्फ क्लबाच्या तारेच्या कुंपणाला लागून आहे. वडिलांनी तिथे बावीस वर्षे साहेबलोकांच्या बॅगा वाहिल्या. या कामाला कॅडी म्हणतात. आता त्यांचा गुडघा साथ देत नाही म्हणून ते गवताला पाणी मारण्याच्या कामावर आहेत, आणि रविवारची बॅग माझ्या खांद्यावर आली आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला.

बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या. त्यांतली कुठली केव्हा द्यायची, वारा कुठला आहे, हिरवळीचा उतार चेंडूला कुठे ओढील, हे सांगणे कॅडीचे काम. गंमत अशी की खेळाच्या नियमाप्रमाणे खेळणाऱ्याला सल्ला घेता येतो तो फक्त आपल्या कॅडीकडून, किंवा जोडीने खेळत असेल तर जोडीदाराकडून. बाजूला क्लबाचे अध्यक्ष उभे असले तरी त्यांना विचारायची सोय नाही. मला विचारायचे! सकाळी साडेसहा ते अकरा एवढा वेळ मी त्या साहेबांचा कायदेशीर सल्लागार असतो. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी पुन्हा पार्किंगच्या झाडाखाली.

या क्लबात हौशी मंडळींचा एक गट आहे. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, कारखानदार, वकील असे चाळीसेक जण. महिन्यातून एकदा आपापसांत खेळतात, आणि वर्षातून एकदा त्यांचा मोठा दिवस असतो: सकाळी स्पर्धा, संध्याकाळी हिरवळीवर स्नेहसंमेलन, बक्षिसे, जेवण. यंदाच्या या दिवशी माझ्याकडे एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांची बॅग होती. माणूस भला. बारावीला त्यांनी मला आपल्या मुलीचा इंग्रजी शब्दकोश दिला होता, तो अजून माझ्या टेबलावर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी राग म्हणून लिहिलेले नाही.

या स्पर्धेत गुण मोजायची जी पद्धत आहे ती डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने काढली, आणि १९३२ साली लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात ती स्पर्धेसाठी वापरली गेली. प्रत्येक होलला ठरावीक फटके असतात, त्याला पार म्हणतात. पारमध्ये चेंडू भोकात गेला तर दोन गुण, एक फटका कमी लागला तर तीन, एक जास्त लागला तर एक. त्याहून वाईट झाले तर शून्य घ्यायचे, चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलला लागायचे. एका होलने दिवस बुडत नाही. आम्हा ए.टी.के.टी.वाल्यांना ही पद्धत चटकन पटावी.

पण खरी मेख पुढेच आहे. प्रत्येकाला त्याच्या मागच्या खेळांच्या नोंदीवरून एक आकडा मिळतो, तो हँडिकॅप. आमच्या साहेबांचा हँडिकॅप चोवीस. म्हणजे अठरा होलांवर त्यांना चोवीस फटके सवलत: प्रत्येक होलवर एक, आणि सर्वांत अवघड सहा होलांवर आणखी एकेक. त्या दिवशी त्यांनी ९३ फटके मारले आणि ३९ गुण मिळवले. चार हँडिकॅपवाल्या एका तरुण डॉक्टरांनी अवघ्या ७५ फटक्यांत फेरी पुरी केली. त्यांचे गुण झाले ३७. चषक साहेबांना मिळाला. त्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली, आणि ‘खरा गुणवान मी, चषक मात्र याला’ असे कुणाच्या तोंडावर दिसले नाही. मला तो खेळाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. ज्याने लहानपणापासून शिक्षक लावून खेळ केला आणि ज्याने पन्नाशीत पहिल्यांदा काठी धरली, ते दोघे एकाच दिवशी एकाच चषकासाठी खरेखुरे लढू शकतात.

संध्याकाळी आम्ही कॅडी मुदपाकखान्याच्या मागे पैशांची आणि पुडक्यांची वाट पाहत बसलो होतो. साहेबांनी बॅग गाडीत ठेवायला मला हाक मारली. चषक टेबलावर होता. सोबतच्या एका गृहस्थांनी कौतुकाने विचारले, “शिकतोस का रे?” मी म्हटले, “हो, एस. वाय. बी. ए.” “फी परवडते?” मी खरे ते सांगितले, की राखीव जागेतून प्रवेश आहे, शिष्यवृत्ती आहे. गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसते म्हणाले, “हल्ली सगळं सवलतीवरच चाललंय. गुणवत्तेला विचारतो कोण?” आणि आमचे साहेब, चषकावर बोट फिरवत, म्हणाले, “खरं आहे.”

मी काही बोललो नाही. बॅग डिकीत ठेवली. जे बोललो नाही ते इथे लिहितो आहे.

हँडिकॅपने भोक मोठे होत नाही. ते सर्वांना सव्वाचार इंचच. आमच्या साहेबांनाही चेंडू शेवटी त्यातच घालावा लागतो. तसेच विद्यापीठाची प्रश्नपत्रिका माझ्यासाठी वेगळी छापत नाहीत, उत्तीर्ण होण्याचे गुणही तेवढेच. सवलत आहे ती फक्त उभे कुठून राहायचे याची. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत त्याच्याशी माझी तुलना करायची तर माझ्या मागच्या नोंदी पाहाव्या लागतील. गोल्फच्या कमिट्या त्या पाहतात, दरवेळी पाहतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट आपला हँडिकॅप किती हे लोक चहा पिताना मोठ्याने सांगतात. मी माझी शिष्यवृत्ती ऑफिसच्या खिडकीशी हळू आवाजात सांगतो.

कुणी म्हणेल, खेळ ही करमणूक आहे आणि शिक्षण गंभीर गोष्ट. शिवाय व्यावसायिकांच्या स्पर्धेत हँडिकॅप नसतो. बरोबर आहे, नसतो. पण आधी त्या स्पर्धेपर्यंत पोचायला तर हवे! मग उदाहरणे पुढे येतात. अली शेर दिल्लीत कॅडी होते, त्यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखत, मुलाने २००८ साली दिल्लीत युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली आणि पुढे २०१६ व २०१७ साली इंडियन ओपनही. ही नावे आमच्या वस्तीत देवासारखी घेतात, मीही घेतो. पण रॉयल कलकत्ता क्लब १८२९ सालचा आहे. मधल्या पावणेदोनशे वर्षांत तिथे माळ्यांची किती मुले वाढली असतील? एक चौरसिया दाखवून बाकीच्यांचा हिशेब मिटवता येणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. त्या रात्री पुडके हातात घेऊन कुंपणाबाहेर खाताना मला फार अपमान वाटला. मग आठवले की आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला खुर्च्या लावणारे शिपाईमामा कुठे जेवतात, हे मी पहिल्या वर्षी पाहिलेही नव्हते. यंदा पाहिले. रंगमंचाच्या मागे, उभ्याने.

घरी वडिलांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, “सतराव्या होलवर लाइन बरोबर दिलीस का?” दिली होती. “मग बास,” म्हणाले आणि कुशीवर वळले. मला ते पटले नाही, पण एवढ्या रात्री वाद कोण घालणार!

पुढच्या रविवारी साहेबांनी पुन्हा मलाच बोलावले. पहिल्याच होलवर तोंड उतरलेले. त्यांच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे जिंकणाऱ्याचे फटके कापतात, त्यांचेही दोन कापले होते. “चोवीसचे बावीस केले रे! नीट पाहिलं सुद्धा नाही कुणी. आता माणसानं खेळायचं तरी कसं?” मी सात नंबरची काठी काढून त्यांच्या हातात दिली आणि वारा डावीकडून आहे असे सांगितले.