कनातीआडचे खाजगीपण

चैत्र लागला की प्रवरेच्या आसमंतातील गावांतून यात्रांचा हंगाम सुरू होतो. देवळाली प्रवरा, राहुरी, कोल्हार या उसाच्या पट्ट्यात रात्रीची करमणूक म्हणजे मुंबई-पुण्याचे पब नव्हेत. येथे ती यात्रेतल्या तमाशाच्या तंबूत असते, लावणीच्या कार्यक्रमात असते, हळदीच्या डीजेपुढे असते आणि नगर-मनमाड रस्त्यावरच्या परमिट रूममध्येही असते. पूर्वी ढोलकीवर थाप पडली की फेटे उडत. आता शेकडो हात वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाइल असतो. नाचणारीला समोर माणसांचे चेहरे दिसत नाहीत, काचेचे चौकोन दिसतात.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे असे समजून तो हसण्यावारी नेण्याची प्रवृत्ती पुरोगामी वर्तुळातही आढळते. उपासमार, बेकारी, उसाचा भाव हे प्रश्न समोर असताना मोबाइलवरच्या छायाचित्रांची कसली चिंता, असे विचारले जाते. परंतु ज्यांचे छायाचित्र निघते त्या बहुसंख्येने कोण आहेत हे पाहिले, की हा श्रमाचाच प्रश्न आहे हे ध्यानात येते. तमाशाच्या फडात आणि संगीत बारीत पोट भरणाऱ्या बहुतेक स्त्रिया कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग अशा समाजांतून आलेल्या आहेत. जामखेडच्या कला केंद्रांत किंवा नारायणगावच्या राहुट्यांत त्यांची उमेद आणि उमर खर्ची पडते. ज्या मुलांच्या शाळेसाठी त्या नाचतात, त्या मुलांच्या वर्गमित्रांच्या हातात आईच्या नाचाची फीत जाऊन पडते. जातीचा आणि धंद्याचा जो डाग गाव सोडून तरी पुसता येत असे, तो आता गावाबरोबर शहरातही पोहोचतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये एका लोकप्रिय लावणी नर्तकीचे कपडे बदलतानाचे चित्रण कोणी चोरून केले आणि ते महाराष्ट्रभर फिरवले. तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि नेमक्या याच कारणाने ते येथे पुन्हा छापण्याचे प्रयोजन नाही. पुण्यात गुन्हा नोंदला गेला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. पण त्या दिवसांत गावोगावच्या पारावर जी चर्चा झाली तिचा सूर काय होता? “हजारो लोकांपुढे नाचते, तिला कसली आली लाज?” हा तो सूर. खेदाची गोष्ट अशी की, तो उच्चारणाऱ्यांत स्त्रीमुक्तीच्या सभांना सतरंज्या अंथरणारेही होते.

या युक्तिवादाचे खरे रूप अर्थशास्त्राच्या भाषेत मांडले तर लगेच उघडे पडते. साखर कारखान्यातला कामगार आठ तासांची श्रमशक्ती विकतो म्हणून त्याचे उरलेले सोळा तास चेअरमनच्या मालकीचे होत नाहीत. तीच गोष्ट नर्तकीची. तिने रंगमंचावरचे दोन-तीन तास सुपारी घेऊन विकलेले असतात. कनातीच्या आड ती कपडे बदलते, मुलाला पाजते, पाठ टेकते, तो वेळ तिने कोणालाही विकलेला नसतो. विठाबाई नारायणगावकरांनी कार्यक्रम चालू असताना मध्येच आडोशाला जाऊन बाळाला जन्म दिला आणि त्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीगत महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. त्या रात्री मोबाइल असते तर काय झाले असते, याचा विचार कौतुक करणाऱ्यांनी करून पाहावा.

कायदा याबाबतीत अगदी मुका नाही. 2013 साली दंड संहितेत 354 क हे कलम आले. आता ते भारतीय न्याय संहितेत 77 व्या कलमात आहे. स्त्रीच्या खाजगी कृतीचे चोरून चित्रण करणाऱ्याला आणि ते पसरवणाऱ्यालाही पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षांची कैद होऊ शकते. चित्रणास संमती असली तरी ते इतरांना पाठवण्यास संमती नसेल, तर पाठवणे हा गुन्हाच ठरतो. परंतु हे कलम कनातीच्या आतच थांबते. रंगमंचावर नाचणारी, प्रेक्षकांत बसलेली, हळदीत मैत्रिणींबरोबर नाचणारी मुलगी यांना ते संरक्षण देत नाही. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा 24 ऑगस्ट 2017 चा निर्णय आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे त्याने सांगितले. मात्र तो हक्क तंबूत कसा बजावावा, हे यात्रा समितीला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

रंगमंचापुरता एक विसरलेला आधार आहे. स्वामित्वहक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणाच्या ध्वनिमुद्रणावर आणि चित्रणावर स्वतःचा हक्क मिळाला. प्रेक्षकाने स्वतःच्या खाजगी वापरापुरते चित्रण केले तर तो कायदा आड येत नाही. तेच चित्रण यूट्यूबवर चढवून जाहिरातीचे पैसे मिळवले, की कलावंताच्या हक्काचा भंग होतो. आज हे सर्रास चालते. फडाची एक रात्र विकली जाते आणि तिच्या नकला वर्षानुवर्षे पैसा मिळवत राहतात. तो पैसा चित्रण करणाऱ्याला आणि अमेरिकेतल्या कंपनीला मिळतो, नाचणारीला त्यातील छदामही मिळत नाही. वरकड मूल्याचा याहून ढळढळीत नमुना शोधूनही सापडणार नाही.

येथे शासनाच्या वर्तनाचा हिशेब मांडणे क्रमप्राप्त आहे, कारण कॅमेऱ्याचा मोह त्यालाही आवरला नाही. 2005 साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली, तारांकित हॉटेलांना मात्र मोकळे ठेवले. श्रीमंतांपुढचा नाच ही कला आणि गरिबांपुढचा नाच ही अनीती, असा तो न्याय होता. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो टिकू दिला नाही. पुरोगामी चळवळीत तेव्हा उभी फूट होती आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांना काम गमावलेल्या स्त्रियांपुढे कधी उभे राहावे लागले नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढे 2016 चा कायदा आला. त्याच्या नावातच स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण होते, आणि त्याच्या आधारे सरकार बारमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे लावायला सांगत होते. चित्रण थेट पोलिसांपर्यंत जावे, असाही आग्रह एका टप्प्यावर होता. 17 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅमेऱ्याची ही अट खाजगीपणाचा भंग करणारी म्हणून रद्द केली. प्रतिष्ठा राखायची म्हणून चोवीस तास चित्रण करायचे, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली, त्याच डोक्यातून धाड पडल्यावर ओढणीने तोंड झाकलेल्या मुलींना वृत्तवाहिन्यांपुढे रांगेत बसवण्याची पद्धतही निघते.

मंगळूरच्या पबमध्ये 24 जानेवारी 2009 रोजी मुलींना मारहाण झाली तेव्हा हल्लेखोरांबरोबर कॅमेरेही होते. त्या चित्रणाने देश हादरला हे खरे. पण ज्या मुलींचे चेहरे घराघरांत दाखवले गेले त्यांना त्याचा काय उपयोग झाला? 2018 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मुलींची चित्रे मात्र अजून फिरत आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कॅमेरा हे दुबळ्यांचेही शस्त्र आहे. लाठीमाराचे, सावकाराच्या दंडेलीचे, दलित वस्तीवरच्या हल्ल्याचे चित्रण कार्यकर्त्यांनी केले म्हणून कित्येकदा सत्य बाहेर आले. त्यावर बंधन घालू पाहणाऱ्या सत्तेला विरोधच केला पाहिजे. परंतु सार्वजनिक अधिकार वापरणाऱ्या माणसाचे चित्रण आणि पोटासाठी नाचणाऱ्या किंवा घटकाभर मोकळेपणाने हसणाऱ्या माणसाचे चित्रण, यांत सत्तेचे पारडे उलट बाजूला असते. बर्लिनच्या प्रसिद्ध क्लबांत दारावरच प्रत्येकाच्या मोबाइलच्या भिंगावर चिकटपट्टी लावतात. पोलीस नाही, दंड नाही. आत जायचे तर हा रिवाज पाळायचा एवढेच. तेथील लोक आपल्याहून अधिक सोवळे आहेत असे कोणी म्हणणार नाही.

असा रिवाज राहुरी तालुक्यात घालता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. यात्रा समितीने फडाशी करार करताना राहुटीकडे मोबाइल घेऊन कोणी फिरकणार नाही याची हमी द्यावी. चित्रण करायचे तर ते कोणी करायचे आणि त्याचे पैसे कोणाला, हे त्याच कागदावर लिहावे. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत जागा देताना या अटी घालू शकते. कपडे बदलण्याची जागा चार बांबू आणि फाटक्या ताडपत्रीची असू नये, ही अट तर मोबाइल येण्यापूर्वीच घालायला हवी होती. मात्र हे सारे करताना स्वयंसेवकांनी मोबाइल हिसकावण्याची, जोडप्यांना हटकण्याची, मुलींना घरी पाठवण्याची उठाठेव करू नये. ते काम करणाऱ्या सेना आणि दले पुष्कळ आहेत.

समाजवाद्यांचे लोकनाट्याशी नाते जुने आहे. सेवादलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत पुढे आले. तमाशाचा बाज चळवळीने उचलला, त्यावर सभा गाजवल्या. ज्यांच्याकडून तो बाज घेतला त्या फडातल्या बाईच्या राहुटीकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. गुढीपाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांत यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. गावोगावच्या समित्यांतर्फे तेथे जाणाऱ्यांत पक्षाचे कार्यकर्ते आणि सहानुभूतीदारही असतात. कराराचा कागद त्यांच्याच हातात असतो.