दिवा मुंबईत, धूर डहाणूत

शहरांतील प्रदूषणाचा विषय निघाला की वाढत्या लोकसंख्येकडे बोट दाखवण्याची आपल्याला सवय जडली आहे. माणसे वाढली म्हणून धूर वाढला, हे समीकरण सोपे आहे; परंतु ते अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा जाहीर केला. त्यानुसार २०१९ साली शहरातील हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. त्यात ७२ टक्के वाटा इमारती व उद्योगांतील ऊर्जावापराचा, २० टक्के वाहतुकीचा आणि उर्वरित कचऱ्याचा होता. दरडोई प्रमाण भरले अवघे १.८ टन. जागतिक सरासरीहून हे बरेच कमी आहे. दाट वस्ती आणि १९२५ पासून विजेवर धावणारी लोकल यांचा त्यात मोठा हातभार आहे. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा चाकरमानी एकट्याने मोटार चालवणाऱ्यापेक्षा हवेत कितीतरी कमी कर्ब सोडतो.

मग उत्सर्जन वाढते कशाने? पहिले कारण विजेचा उगम. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आज मात्र या महानगराच्या विजेचा मोठा भाग कोळशावर अवलंबून आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला आहे. दिवा एकीकडे लागतो, धूर दुसरीकडे निघतो.

दुसरे कारण वाढते उत्पन्न व त्यासोबत आलेली वातानुकूलन यंत्रे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अतिरिक्त उपभोगाचे उदाहरण म्हणून नेमका याच यंत्रांचा उल्लेख केला होता. तिसरे कारण बांधकामाची पद्धत. कौलारू घर आणि त्याची ओटी वाऱ्याला वाट देत असे; काँक्रीट व काचेची इमारत दिवसभर तापते आणि गारव्यासाठी वीज मागते. चौथे कारण अंतर. घर विरारला आणि नोकरी अंधेरीला, अशी शहराची रचना झाली. लोकलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, की ज्याला परवडते तो मोटार घेतो.

यातील अन्याय आपण नजरेआड करू नये. पत्र्याच्या छपराखाली राहणारे कुटुंब सर्वांत कमी वीज वापरते आणि उन्हाळ्याची झळ सर्वांत जास्त सोसते.

मुंबईने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठेवले आहे. वसई-विरार परिसरात आज उभी राहणारी इमारत तेव्हाही उभीच असेल. तिला सावली व वारा किती, गच्चीवर सौरपटले आहेत की नाहीत, स्थानकापर्यंत बस पोहोचते की नाही, हे आताच ठरत आहे. म्हणूनच गृहसंकुलाच्या सभेत आणि महापालिकेच्या दारी हे प्रश्न आपण आजच विचारले पाहिजेत. इमारत उभी राहिल्यावर विचारून काय उपयोग?