लपणारा आणि दिसणारा गणवेश

सैनिकी छद्मवेशाचे मुख्य काम म्हणजे शरीराची बाह्यरेषा मोडणे. माणसाची नजर आधी डोके आणि खांद्यांचा आकार टिपते. फिकट-गडद रंगांचे वेडेवाकडे पट्टे त्या आकाराचे तुकडे पाडतात. मोठे पट्टे लांबून उपयोगी पडतात, बारीक ठिपके जवळून.

1846 मध्ये पेशावरला उभारलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या ब्रिटिश भारतीय लष्करी तुकडीने मातकट खाकी अंगावर घातली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात तिची जागा हिरव्या रंगाने घेतली. 15 जानेवारी 2022 रोजी, सेनादिनी, भारतीय लष्कराने ‘निफ्ट’ या फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार केलेला डिजिटल नक्षीचा गणवेश सादर केला. त्यात सुती आणि पॉलिस्टर धाग्यांचे प्रमाण 70:30 आहे. त्यामुळे कापड हलके राहते आणि लवकर वाळते.

काही गणवेश मात्र दिसण्यासाठीच असतात. नवी मुंबईत नावड्याशेजारी तळोज्यात शीघ्र कृती दलाची 102 वी बटालियन आहे. शीघ्र कृती दल हे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दंगलविरोधी अंग 1992 मध्ये कार्यरत झाले. त्याच्या गणवेशाची नक्षी छद्मवेशाची, पण रंग निळा. भर रस्त्यात निळा रंग जवानाला लपवत नाही, उलट ठळक दाखवतो. दंगलीत नेमके तेच हवे असते: दल आल्याचे जमावाला दुरूनच कळावे आणि भेदरलेल्या रहिवाशाला मदत कुठे आहे ते दिसावे.

गणवेशावरचा लोकांचा विश्वास जपायलाच हवा. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे. असे कपडे विकणाऱ्यांनी आणि हौशी ग्राहकांनी याचे भान ठेवावे.