उभ्या ट्रेलरचं आयुष्य
अमेरिकेत सुटीचा ट्रेलर घेणाऱ्याने आधी ठरवावं, फिरायचं की मुक्काम ठोकायचा. हादऱ्यांनी सांधे सैल होतात हे खरं. पण उभा ट्रेलर टिकतोच, हा समज चुकीचा. छपराचं सीलंट उन्हाने तडकतं, पाणी मुरतं, प्लायवुड आतून कुजतं, न फिरलेले टायरही वयाने चिरतात. शिवाय रोजच्या स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ कोंडते. २००५च्या कतरिना वादळानंतर सरकारने बेघरांना असेच ट्रेलर दिले. कित्येक कुटुंबं त्यांत वर्षाहून अधिक राहिली आणि लाकडी फळ्यांतून सुटणारा फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू श्वासातून घेत राहिली. याची चीड यायलाच हवी. कायम राहायचं असेल, तर १९७६पासून लागू असलेल्या केंद्रीय गृहमानकांनुसार कारखान्यात बांधलेलं घरच घ्यावं.